लोभ असावा ही विनंती

आमच्या घराला तडा गेला तो ६ ऑक्टोबर २०२४ रोजी, रविवारी रात्री. तडा म्हणजे भिंतीला नव्हे. भिंतीच्या तड्यांचं परभणीकरांना काही वाटत नाही. काळ्या मातीवर घर बांधलं की उन्हाळ्यात भिंत जांभई देते आणि पावसाळ्यात तोंड मिटते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. हा तडा गेला तो जेवणाच्या ताटांमधून. एका बाजूला आमची ही, दुसऱ्या बाजूला पुण्याहून नवरात्रासाठी आलेली नात आणि मध्ये, दोन्हीकडून दाबल्या जाणाऱ्या पापडासारखा, मी.

निमित्त झालं ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाच्या अंतिम सोहळ्याचं. ज्या भाग्यवंतांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोळा माणसं एका बंगल्यात कोंडायची. न्हाणीघर सोडून सगळीकडे कॅमेरे लावायचे. घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, फोन नाही. त्यांनी आपापसांत भांडायचं, रडायचं, ‘टास्क’ नावाचे खेळ खेळायचे, आणि घरातून कुणाला घालवावं त्याची नावं द्यायची. ज्यांची नावं येतील त्यांच्यातून कुणाला वाचवायचं ते आपण घरी बसून, सोफ्यावर पाय घेऊन, फोनवर मत देऊन ठरवायचं. शेवटी उरेल तो विजेता. आमच्या वाड्यात चाळीस वर्षांपूर्वी सोळा बिऱ्हाडं आणि एक नळ होता. तिथं हेच सगळं रोज चालायचं, फक्त बक्षीस नव्हतं.

हे पर्व २८ जुलैला सुरू झालं होतं. सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला, सोयाबीन पाण्यात गेलं, गावाकडच्या लोकांची तोंडं काळवंडली. पण रात्री नऊ वाजता घरोघर तीच चर्चा. शेवटी मंचावर दोघे उरले. एक बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण. लहानपणी आईबाप गेलेला, शाळा फारशी न पाहिलेला, फोनवरच्या छोट्या छोट्या चित्रफितींतून प्रसिद्धीला आलेला पोरगा. दुसरा अभिजीत सावंत, गायक. रितेश देशमुखांनी दोघांचे हात धरले, आमच्या घरात तिघांनी श्वास धरले, आणि हात वर झाला तो सूरजचा. १४ लाख ६० हजार रुपये आणि चषक.

हिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भगरीचा घास तसाच हातात. आमच्या लग्नात ही इतकी रडली नव्हती.

“अन्याय आहे!” नात कडाडली. “आजी, त्याला टास्कच कळत नव्हते!”

“न कळू देत. मलाही कळत नव्हते. म्हणून काय मी वाईट झाले?”

“अगं पण हा खेळ आहे. खेळले कोण? अभिजीत खेळला, निक्की खेळली. डोकं कुणी चालवलं? आणि बक्षीस कुणाला? तर जो बिचारा आहे त्याला!”

“पोराला आई नाही, बाप नाही...”

“म्हणून त्याला मदत कर ना. बक्षीस कशाला?”

इथं शेजारचे निवृत्त तलाठी आत आले. त्यांच्याकडची वीज गेली की ते आमच्याकडे येतात आणि आमच्याकडची गेली की आम्ही त्यांच्याकडे जातो. वीज मंडळाच्या कृपेनं शेजारधर्म टिकून आहे. त्यांचं मत निक्की तांबोळीच्या बाजूनं होतं, कारण ती मूळची छत्रपती संभाजीनगरची. “आपल्या मराठवाड्याची लेक तिसरी आली,” ते म्हणाले. “बाकी काही असो, शहाणी खरी ती जान्हवी किल्लेकर. नऊ लाखांची बॅग उचलली आणि घरी गेली. सातबारावर नाव चढल्याशिवाय जमीन आपली म्हणू नये.”

मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही सांगा. डोक्यानं खेळणाऱ्याला द्यावं की लोकांना आवडेल त्याला?”

मी छत्तीस वर्षं मास्तरकी केली. शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला वर्तमानावर मत विचारलं की तो सुटकेसाठी भूतकाळात पळतो. मीही पळालो. पण खरं सांगायचं तर मत न देण्याचं माझं एक खासगी कारण होतं. ते पुढे येईलच.

प्रश्न तसा फार जुना आहे. आपल्या पुराणांनी तो स्वयंवरात सोडवायचा प्रयत्न केला आणि दोन पद्धती ठेवल्या. एक ‘पण’ लावायची. सीतेच्या वेळी धनुष्य, द्रौपदीच्या वेळी मत्स्य. इथं परीक्षक लागत नाही. बाण लागला तर लागला. कर्ण कितीही देखणा असला आणि दुर्योधनाच्या मागे कितीही मोठा समुदाय असला तरी माशाचा डोळा एसएमएसनं फुटत नाही. दुसरी पद्धत माळेची. दमयंतीला नळ आवडत होता. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम आले आणि चौघांनी नळाचंच रूप घेतलं. आता याला डावपेच नाही तर काय म्हणायचं? पाच नळ एका रांगेत! पण दमयंतीनं पाहिलं की चौघांच्या पापण्या लवत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत, गळ्यातल्या फुलांना कोमेजणं ठाऊक नाही आणि अंगाला घाम नाही. पाचव्याला मात्र घाम आला होता. तिनं त्याच्या गळ्यात माळ घातली. डाव देवांनी टाकला आणि स्वयंवर घामानं जिंकलं.

“बघा!” ही म्हणाली.

“पुढे हाच नळ फाशांच्या खेळात राज्य हरला,” मी म्हटलं.

“बघा!” नात म्हणाली.

इतिहासाचा हा गुण आहे. प्रत्येकाला तो ‘बघा’ म्हणायची सोय करून देतो.

पुराणं नकोत म्हणाल तर ग्रीस घ्या. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्स शहरात ‘नॉमिनेशन’ चालायचं. फुटक्या मडक्याच्या खापरीवर लोकांनी एक नाव कोरायचं. किमान सहा हजार खापऱ्या पडल्या तर ठरलेल्या माणसानं दहा वर्षं शहराबाहेर जायचं. अरिस्टायडीस नावाचा एक पुढारी होता, ‘न्यायी’ म्हणून ख्याती झालेला. गोष्ट अशी सांगतात की मतदानाच्या दिवशी एका अडाणी खेडुतानं त्याला न ओळखता आपली खापरी त्याच्याच हातात दिली आणि ‘अरिस्टायडीस लिही’ म्हणून सांगितलं. यानं विचारलं, बाबा, त्यानं तुझं काय वाकडं केलं? तो म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला न्यायी न्यायी म्हणतो ते ऐकून कंटाळा आलाय. अरिस्टायडीसनं मुकाट्यानं आपलं नाव लिहून दिलं आणि तो शहराबाहेर गेला. इतका गुणी माणूस बाहेर का, तर तो आता आवडेनासा झाला!

हा झाला आवडीनिवडीचा प्रताप. पण डावपेचांची गोष्ट याहून बोलकी आहे. इसवी सनापूर्वी ४१७ च्या सुमाराला निकियस आणि अल्किबियाडीस या दोन बड्या पुढाऱ्यांपैकी एकाची खापरी फुटणार असा रंग दिसत होता. हायपरबोलस नावाचा तिसरा पुढारी गंमत बघत उभा होता. दोघा वैऱ्यांनी आतून हातमिळवणी केली, आपापली माणसं कामाला लावली आणि हद्दपार झाला तो हायपरबोलस! अथेन्सकरांनी आधी पोट धरून हसून घेतलं आणि नंतर त्यांना स्वतःचाच राग आला. त्यानंतर ही खापऱ्यांची पद्धत कुणी पुन्हा वापरली नाही. डाव इतका छान साधला की खेळच मोडला.

“म्हणजे डावपेच वाईट,” ही म्हणाली.

“म्हणजे नियम नीट नव्हते,” नात म्हणाली.

आमच्या परभणीच्या इतिहासात हा प्रश्नच पडत नव्हता, कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. तिथं परीक्षक एकच. त्याची मर्जी हीच गुणपत्रिका. मत द्यायची सवय आमच्या आजोबांना १९५२ साली पहिल्यांदा लागली. जत्रेतल्या कुस्त्या मात्र तेव्हाही होत्या. हलगी कडाडली, दोन पैलवान भिडले, एकाची पाठ मातीला लागली की निकाल. हरलेला पैलवान कितीही गरीब असो, त्याच्या वाट्याला टाळ्या येतील, एखादा हळवा शेतकरी त्याच्या हातावर नोट ठेवील. पण मानाचा नारळ जिंकलेल्याला. या बाबतीत जत्रेचं डोकं फार साफ. शाबासकी वेगळी आणि निकाल वेगळा.

घोटाळा सुरू झाला तो श्रोत्यांना विचारायला लागल्यापासून. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कुठलं गाणं कुठल्या पायदानावर, हे रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांचं मत यांवर ठरे. आमच्या चौकातल्या हॉटेलात बुधवारी रात्री एका चहात पाच जण बसायचे. सर्वांत कठीण चाल आणि सर्वांत अवघड तान असलेलं गाणं कधी पहिलं आलं का? क्वचितच. पहिलं यायचं ते चहावाल्या पोराला गुणगुणता येईल ते. संगीताचे जाणकार तेव्हाही चिडत आणि तेच गाणं गुणगुणत घरी जात.

पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि प्रत्येक जण परीक्षक झाला. ५ मार्च २००५ रोजी पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चा निकाल लागला. देशभरच्या एसएमएसनी जिंकून दिलेला तो मुंबईचा मुलगा म्हणजे हाच अभिजीत सावंत. एकोणीस वर्षांनी त्याच जनतेच्या मतांनी तो दुसरा आला. वीस वर्षांत लोकांनी एकाच माणसाला डोक्यावर घेतलं आणि नंतर दुसऱ्यासाठी जरा बाजूला सरकवलं. त्यानं दोन्ही वेळा हसून टाळ्या वाजवल्या, हे त्याचं मोठेपण.

आणि २००९ चा फेब्रुवारी कोण विसरेल? ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन आणि आमच्या शेजारच्या लातूरचा रोहित राऊत. परीक्षक गुण द्यायचे तेही सुरांत. कुणाला ‘ध’, कुणाला ‘नी’, अगदीच स्वर्ग गाठला तर ‘वरचा सा’. तोवर सगळं शास्त्रोक्त. पण अंतिम निकाल एसएमएसवर! भारनियमनाचे दिवस. आमच्या गल्लीत इन्व्हर्टर एकच, तोही डॉक्टरांकडे. चाळीस माणसं त्यांच्या दवाखान्याच्या बाकांवर बसून गाणी ऐकत होती आणि खरे पेशंट उभे होते. मराठवाड्याचा म्हणून रोहितला मतं, पुण्याची म्हणून आर्याला मतं, कोकणचा म्हणून प्रथमेशला मतं. गाण्याची स्पर्धा की जिल्हा परिषदेची निवडणूक, कळेना. जिंकली आळंदीची कार्तिकी. ‘वरचा सा’ सगळ्यांनीच घेतला होता. मग कुणी कशाला मत दिलं? आवाजाला? गावाला? की घरच्या पोरीसारखी वाटली म्हणून? मला वाटतं, मत देणाऱ्यालाही ते सांगता आलं नसतं.

आता मूळ बंगल्याकडे येऊ. माणसं कोंडून बघायची कल्पना युरोपातली. १९९७ साली स्वीडनमध्ये काही माणसांना बेटावर सोडण्याचा कार्यक्रम झाला. १९९९ साली हॉलंडमध्ये घरात कोंडण्याचा ‘बिग ब्रदर’ आला. नाव घेतलं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीतून; त्या लेखकानं सतत पाळत ठेवणाऱ्या सत्तेची जी भीती घातली होती, तिचीच यांनी करमणूक केली. २००० साली दोन्ही प्रकार अमेरिकेत पोचले आणि आपला प्रश्न तिथं प्रयोगशाळेत घातल्यासारखा तपासला गेला.

घराच्या कार्यक्रमात पहिल्या वर्षी कुणाला काढायचं ते प्रेक्षकांनी ठरवलं. प्रेक्षकांनी काय केलं, तर जे जे भांडकुदळ, खटपटे, म्हणजे ज्यांच्यामुळे बघण्यासारखं काही घडत होतं, त्यांना आधी घालवलं. राहिली सज्जन माणसं. सज्जन माणसं रोज तासभर बघणं किती कठीण असतं हे ज्यांचे शेजारी सज्जन आहेत त्यांना विचारा. दुसऱ्या वर्षी निर्मात्यांनी नियमच बदलला. काढायचं तेही घरातल्यांनीच, आणि विजेता ठरवायचा तोही बाहेर पडलेल्यांनी.

बेटाच्या कार्यक्रमात ही युक्ती पहिल्यापासून होती. शेवटचे दोघे उरले की त्यांनी ज्यांना बाहेर काढलं त्यांच्यापैकी सात जण समोर बसणार आणि विजेता निवडणार. पहिल्या वर्षी रिचर्ड हॅच नावाच्या गृहस्थानं चौघांची टोळी बांधून एकेकाला पद्धतशीर कापलं होतं. शेवटी समोर सात जखमी. त्यातल्या एका बाईनं तर दोघा उमेदवारांना तोंडावर साप आणि उंदीर म्हटलं, आणि सापानं उंदीर खावा हेच निसर्गाला धरून आहे, असं सांगून सापाला मत दिलं. चार विरुद्ध तीन. हॅचला दहा लाख डॉलर मिळाले. त्यावरचा कर न भरल्याबद्दल २००६ साली त्याला तुरुंगाची शिक्षाही झाली. टोळी बांधणं बेटावर जमलं, आयकरखात्यापुढे नाही.

आपल्याकडे हिंदीत २००६ साली हा खेळ ‘बिग बॉस’ नावानं आला आणि मराठीत २०१८ साली. आपण अमेरिकेची दुसऱ्या वर्षीची दुरुस्ती घेतली नाही. विजेता प्रेक्षकांनीच ठरवायचा. आणि मराठी प्रेक्षकांनी पहिल्या वर्षी कुणाला निवडलं? मेघा धाडेला. तिचा खेळ डोक्याचा होता. कुणाशी जोडून घ्यायचं, टास्क कसा फिरवायचा, याचा हिशेब तिच्यापाशी होता आणि तिनं तो लपवलाही नाही. ज्या लोकांनी २०१८ साली डोक्याला मत दिलं त्याच लोकांनी २०२४ साली काळजाला दिलं. मधल्या काळात अमरावतीचा शिव ठाकरे २०१९ साली मराठीत जिंकला. पुढे तो हिंदी घरात गेला, तिथं आपली ‘मंडळी’ बांधली, सगळ्यांना सांभाळून शेवटपर्यंत आणलं. आणि १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री त्याच्याच मंडळीतला पुण्याचा एमसी स्टॅन जिंकून गेला. मंडळ उभं केलं एकानं आणि आरती मिळाली दुसऱ्याला. हे आमच्या गणेश मंडळात दरवर्षी होतं.

एवढं सगळं सांगून मी पाणी प्यायलो. मला वाटलं, सुटलो.

पण नात गप्प बसली होती, आणि ती गप्प बसली की मला भीती वाटते. ती हळूच म्हणाली, “आजोबा, एक सांगू? कॉलेजात यंदा आमच्या प्रोजेक्टचं सगळं नियोजन मी केलं. कुणी काय करायचं, कधी करायचं, कुणाला टोचायचं. आम्ही पहिले आलो. मग ‘उत्कृष्ट सदस्य’ कोण म्हणून गटात मत घेतलं. ज्यानं सगळ्यांना चहा पाजला त्याला मिळालं. मला सगळे म्हणाले, तू फार कॅल्क्युलेटिव्ह आहेस. मुलानं हेच केलं असतं तर त्याला चाणक्य म्हणाले असते. आग्र्याहून सुटका शिकवताना तुम्ही वर्गात टाळ्या घ्यायचात ना? मग पेटाऱ्यांची युक्ती मी केली की ती कपट कशी?”

आता ही गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, “तुझं खरं आहे गं. पण माझंही ऐक. डोकं चालवता येतं त्याला जगात बाकी सगळीकडे मिळतंच. नोकरी मिळते, बढती मिळते, जमीन मिळते.” इथं तिनं उगाचच तलाठ्यांकडे पाहिलं. “ज्याला काहीच जमत नाही, नुसतं खरं वागता येतं, त्याला जिंकायला सबंध जगात एक तरी खेळ असू दे की.”

तलाठी उठले. वीज आली असावी.

मला दोघींचंही पटलं, आणि दोघींसमोर मला थोडी लाज वाटली. कारण ते खासगी कारण.

१९७० साल. मी गंगाखेडला सातवीत होतो. गोदाकाठचं गाव, जनाबाईंचं गाव. शाळा सुटली की पोरं घाटावरून गोदावरीत उड्या मारायची. त्यांत मागच्या बाकावरचा एक जण होता. अभ्यासात यथातथा; पण नदीत कुणाची चप्पल वाहत गेली की ती आणणार हा, गुरुजींची नक्कल करणार हा, आणि डब्यात नुसती भाकरी-चटणी असली तरी तीही वाटून खाणार. वर्गाचा जीव त्याच्यावर. त्या वर्षी गुरुजींनी लोकशाहीचा धडा म्हणून मॉनिटरची निवडणूक घेतली. उमेदवार दोघे. तो, कारण सगळ्यांनी त्याला उभं केलं. आणि मी, कारण मी स्वतः उभा राहिलो.

मला मॉनिटर व्हायचंच होतं. का, ते आज सांगता येणार नाही. खडू हातात घेऊन फळ्यावर नावं लिहिणारा माणूस मला कलेक्टरसारखा वाटे. मी वही काढून हिशेब केला. वर्गात पोरं चाळीस. बोर्डिंगची नऊ, त्यांना सांगितलं, तुमची नावं फळ्यावर कधी येणार नाहीत. चौघांना आमच्या परड्यातले पेरू. मुलींच्या रांगेतल्या सहा जणी; त्यांना सांगितलं, तो मॉनिटर झाला तर तुमच्या दप्तरात बेडूक सोडणार आहे, मी माझ्या कानांनी ऐकलं. हे धादांत खोटं होतं. नऊ आणि चार तेरा, सहा एकोणीस, माझं स्वतःचं धरून वीस. वीस विरुद्ध वीस! पुढची सोय सुचेना. पेरू संपले होते.

गुरुजींनी टोपीत चिठ्ठ्या गोळा केल्या. मोजल्या. मी २१, तो १९.

मी मॉनिटर झालो. पहिल्याच आठवड्यात फळा नावांनी भरला, त्यात बोर्डिंगची तीन होती. बेडूक काही आले नाहीत, त्यामुळे मुलींनाही कळायचं ते कळलं. दिवाळीपर्यंत वर्गात माझ्याशी बोलणारा एकच राहिला. तोच, मागच्या बाकावरचा. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसायचा. मला वाटायचं, हरल्यावरही हा काय डाव खेळतोय? ते एकविसावं मत कुणाचं, हे कोडं मात्र सुटलं नाही. पुढे मी मास्तर झालो, शेकडो मॉनिटर नेमले. निवडणूक एकदाही घेतली नाही.

ही हकीकत मी त्या रात्री कुणाला सांगणार नव्हतो. पण साडेअकराला फोन वाजला. तोच. तो आता गावाकडे शेती बघतो, वर्षातून दोनदा फोन करतो.

“काय करायलास रे? पाहिलंस का? आपलं पोरगं जिंकलं!”

“तुझं सोयाबीन कसं आहे?”

“गेलं की पाण्यात. ते राहू दे. आज लई दिवसांनी बरं वाटलं गड्या. तू कुणाला मत दिलंस?”

“कुणालाच नाही. मला निवडणुकीचं वावडं आहे. सातवीपासून.”

तो खो खो हसला. मग मी विचारलंच. चोपन्न वर्षं पोटात ठेवलेलं. बेडकांचं खोटं सांगितलं, पेरू सांगितले, वही सांगितली. शेवटी म्हटलं, “हिशेब वीसचा होता रे. एकवीस कसे झाले?”

“एक माझं.”

“तुझं? अरे, तू उमेदवार होतास!”

“मग? तुला लई पाहिजे होतं ना ते. तोंड सुकलं होतं तुझं. मला काय, मॉनिटर कुणीबी झालं तरी नदी तिथंच होती.”

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसलो. ज्याला हरवण्यासाठी मी चाळीस डोकी मोजली, त्याचं डोकं मी मोजायचंच विसरलो होतो. अमेरिकेतल्या त्या बेटावरच्या सातांचा नियम मला तेव्हा खरा कळला. टीव्हीवर आपण चोवीस तासांतला कापून-शिवून दाखवलेला तासाभराचा भाग पाहतो आणि त्यावर माणूस तोलतो. एका छपराखाली राहिलेला, आपल्या हातून हरलेला माणूस आपल्याबद्दल काय म्हणतो, हे विचारलं तर बरेच विजेते दुसरे येतील. मला विचाराल तर त्या बंगल्यातला निकालही अर्धा बाहेरच्यांनी आणि अर्धा आत राहून बाहेर पडलेल्यांनी ठरवावा. म्हणजे नुसत्या डोक्याचंही भागणार नाही आणि नुसत्या डोळ्यांतल्या पाण्याचंही. आणि जे काही ठरवायचं ते पहिल्या दिवशी पाटीवर लिहून लावावं. माशाचा डोळा फोडायचा की माळ घालून घ्यायची, हे खेळणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. नातीचा राग खरा होता तो एवढ्यासाठीच. तिला मासा दाखवला आणि शेवटी माळ काढली.

सकाळी चहाच्या वेळी मी दोघींना सगळं सांगून टाकलं. बेडकांसकट.

“बघा,” ही म्हणाली, “शेवटी मत पडलं ते मायेचं. तुमचे पेरू कामाला आले नाहीत.”

“असं कसं आजी?” नात म्हणाली. “आजोबांनी वीस जमवली होती म्हणून त्या एकाला किंमत आली. नाहीतर एकानं काय झालं असतं?” मग जरा थांबून म्हणाली, “पण बेडूक वाईट हं आजोबा. पेरू चालतील.”

तडा पूर्ण बुजला असं नाही. पण पावसाळ्यात भिंत मिटते तसा मिटला. आमच्याकडे म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभनी. नात पुण्याला जाताना आजीला म्हणाली की पुढच्या प्रोजेक्टला चहाही तीच पाजणार आहे.

मी त्या दिवशी टपाल कचेरीतून पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणलं. फोनवर क्षमा मागायला जीभ रेटत नाही. कार्डावर चार ओळी लिहिल्या आणि शेवटी हात सवयीनं लिहून गेला : कळावे, लोभ असावा ही विनंती. जन्मभर पत्रांखाली हेच लिहीत आलो. मागितलं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा.

आठ दिवसांनी त्याचा फोन. “कार्ड पोचलं बरं का. अक्षर अजून तसंच आहे तुझं, फळ्यावरच्यासारखं. पोस्टमननं हातात दिलं तर आधी भ्यावच वाटलं. म्हटलं, मेला, आज पुन्हा माझं नाव लिहिलं की काय!”